दोन बोटं खाली

हलकी गोळी की जड गोळी, या प्रश्नावर आमच्या दुकानात जेवढी तोंडं वाजली असतील, तेवढी गावातल्या तिन्ही चर्चमध्ये मिळून पापावर वाजली नसतील. दुकान तसं माझ्या नवऱ्याचं, हार्लनचं. तो गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पुढे कोंबड्यांच्या खाद्याची पोती, गुरांनी चाटायच्या मिठाच्या लाद्या, मासे धरणाऱ्यांसाठी डब्यातली गांडुळं आणि मागच्या भिंतीला बंदुका. बंदुकांच्या काउंटरसमोर एक टेबल, दोन खुर्च्या आणि दिवसभर उकळून कडू झालेली कॉफी. खुर्च्या हार्लनने ठेवल्या होत्या आणि त्यांवर बसणारी दोन माणसंही त्याच्याच काळातली. मालाबरोबर तीही माझ्या वाट्याला आली.

पहिला लॉइड, हायवे पोलिसातून निवृत्त झालेला. दुसरा आर्विल, तो शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. लॉइडची बायको म्हणजे आर्विलची बहीण, त्यामुळे भांडण अर्धवट टाकून घरी जायचीही सोय नाही. रविवारी जेवायला पुन्हा समोरासमोर.

लॉइड जडवाला. "जड गोळी सावकाश जाते, पण खोल जाते," असं तो कप खाली ठेवत म्हणतो.

"सावकाश जातोस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," आर्विल म्हणतो. "खोल कुठे गेलास तेवढं सांग."

आर्विल हलकीवाला. हलकी गोळी जोरात सुटते, लागल्याबरोबर फुलते आणि तिथेच थांबते. पलीकडची भिंत फोडून शेजाऱ्याच्या ताटात जाऊन पडत नाही, हे त्याचं म्हणणं.

"आणि समोरच्याने जाड कोट घातलेला असला तर?" लॉइड विचारणार. "कोटातच फुलायची आणि कोटातच झोपायची. थंडीत येणारा चोर काय बनियनवर येतो?"

हे असं रोज. दोघांपैकी कुणीही जन्मात माणसावर गोळी झाडलेली नाही. लॉइडने एकदा गाडीखाली सापडलेल्या हरणावर झाडली होती, तीही पहिली चुकली होती. घरात ठेवायला पिस्तूल घेणारं नवीन गिऱ्हाईक आलं की दोघांना चेव चढतो आणि मी गल्ल्यामागे स्टुलावर बसून घेते. माझं मत कुणी विचारलं तर मी म्हणते, हाताला झेपेल ती घ्या, आणि देव करो ती खोक्यातच राहो. ऐकून लोक हसतात. मी विनोद केलेला नसतो.

आमच्याकडे दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन कुणी टाकून देत नाही. चर्चमधल्या बायका ते धुऊन, दोरीत ओवून दुकानात आणून देतात. गिऱ्हाईक फारच गोंधळलं की लॉइड आणि आर्विल त्याला शनिवारी जुन्या दगडखाणीत नेतात. कॅन पाण्याने भरतात, एकामागे एक मांडतात, पुढे कोट टांगतात आणि कोणती गोळी कुठल्या कॅनमध्ये थांबली ते बघत बसतात. कोट गिऱ्हाइकाने आणायचा. "तुझ्या दारात जो येईल असं वाटतं, त्याच्या अंगावर असेल तसला कोट घेऊन ये," हे लॉइडचं ठरलेलं वाक्य. लोक चर्चच्या जुन्या कपड्यांतला एखादा उसवलेला कोट उचलून आणतात, त्याची चाळण करतात, हसतात, आणि शेवटी जे खोकं स्वस्त असेल ते घेऊन घरी जातात.

हे वाक्य लॉइडने वेस्टालाही ऐकवलं, आणि हे सगळं मी त्यासाठीच सांगतेय.

वेस्टा लेडबेटर आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या तरण्या पोरांपैकी कुणी तिच्या हातचं खाल्लं नाही असं सापडणार नाही. निवृत्त झाली ती बोटं वाकडी करून घेऊनच, सगळा संधिवात. हरणांच्या शिकारीची गर्दी ओसरत आली होती तेव्हा एक दिवस दुपारी ती दुकानात आली आणि पावाची पिशवी काउंटरवर ठेवली. आत भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं तिच्या नवऱ्याचं, ओटिसचं, जुनं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं.

"हे चालतं का बघ," ती म्हणाली, "आणि यात घालायला गोळ्या दे."

मी ते उघडून पाहिलं. ओटिस माणूस म्हणून कसाही असो, लोखंडाला तेल लावून ठेवणारा होता.

"चालतंय," मी म्हटलं. "कोणत्या देऊ?"

विचारलं आणि जीभ चावली. मागे दोन्ही खुर्च्या एकदम सरकल्या.

"वेस्टा, तू माझं ऐक," लॉइड म्हणाला, "जड घे. ओटिसचं आहे हे, माझ्या चांगल्या ओळखीचं आहे."

"अरे, तिचे हात बघ आधी!" आर्विल म्हणाला. "जड गोळीचा दणका बसला तर मनगट हातात येईल तिच्या. हलकी घे वेस्टा. आणि तुझं घर पत्र्याचं, भिंती पुठ्ठ्याच्या. जड गोळी तर पार रस्त्यापर्यंत जाईल."

"हो, आणि हलकी कोटाच्या खिशात बसून राहील, हवामान काय म्हणतंय ते बघत."

वेस्टा मधेच उभी होती. जेवणाच्या रांगेत पोरं भांडायची तेव्हा ती डाव हातात धरून अशीच उभी राहायची. दोघांचा दम संपल्यावर लॉइड कॉफी ओतता ओतता म्हणाला, "शनिवारी खाणीवर ये, तुझ्या डोळ्यांनीच बघ. आणि तुझ्या दारात जो येईल असं वाटतं ना, त्याच्या अंगावर असेल तसला एखादा कोट घेऊन ये."

मी लॉइडकडे डोळे वटारून पाहिलं. पण त्याचं लक्ष कॉफीकडे होतं.

"बरं," वेस्टा म्हणाली.

तिच्या दारात कोण येणार होतं ते गावाला माहीत होतं. लॉइडलाही माहीत होतं. पण तोंडाला एखादी सवय लागली की ते डोक्याला विचारायला थांबत नाही. येणार होता तो कॉर्बिन, वेस्टाचा एकुलता एक मुलगा. वेल्डिंगचा हात असा की जोड दिसायचा नाही. मग ती नशेची पावडर शिरली गावात, आणि त्याच्यात. बायको टेक्सासला कुणाबरोबर तरी निघून गेली, मुलगी लेनी आजीकडे वाढायला लागली. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी कॉर्बिनने आईचं दार लाथेने फोडलं, सहा वर्षांच्या पोरीला उचलून गाडीत टाकलं आणि निघाला. ओढ्याच्या वळणावर गाडी खाली गेली. तो बाहेर पडला, चालायला लागला आणि पोर मागे आहे हे विसरला. सकाळी दुधाच्या गाडीवाल्याला ती सापडली तेव्हा तिचा हात मोडलेला होता आणि ओठ निळे पडले होते. कोर्टाने लेनी वेस्टाच्या ताब्यात दिली आणि कॉर्बिनला आत टाकलं. आता नाताळाच्या आधी तो सुटणार होता, आणि आतून त्याने आईला फोन करून सांगितलं होतं की पोर माझी आहे, मी न्यायला येतोय, कोण अडवतं ते बघतो. वेस्टाने शेरीफला कळवलं. आला की फोन करा, असं तिथून उत्तर आलं. त्यांच्या गाडीला त्या डोंगररस्त्याने वर पोचेपर्यंत माणूस जेवून हात धुऊन होतो.

म्हणजे प्रश्न एवढाच होता की कॉर्बिनने दुसऱ्यांदा दार फोडलं तर त्याची आई काय करणार.

लॉइड आणि आर्विल जेवायला गेले तरी वेस्टा गेली नाही. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खोक्यांकडे बघत राहिली.

"नेडीन, खरं सांग," ती म्हणाली, "यातली कोणती थांबवते, पण मारत नाही?"

"तशी कुणी बनवत नाही, वेस्टा."

"एवढी खोकी आहेत, आणि तसली एक नाही?"

"नाही गं."

"मला मेली नेमकी तेवढीच हवी होती," ती म्हणाली. मग जरा हसली, ते बघवलं नाही.

"लेनीला घेऊन टल्साला जा ना तुझ्या भावाकडे," मी म्हटलं.

"आणि किती दिवस? तो शोधत येणार. माझाच मुलगा आहे तो, चिकट आहे. पोरीची शाळा आहे, तिला आता कुठे झोप लागायला लागलीय." तिने रिव्हॉल्व्हर पुन्हा फडक्यात गुंडाळलं, सँडविच गुंडाळावं तसं, कोपरे आत दुमडून. "तिला त्या गाडीत पुन्हा बसू द्यायचं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. त्याच्या पुढचं मला काही माहीत नाही. मी दमलेय गं. झोपायला जाते तेव्हा दमलेली असते, उठते तेव्हाही दमलेलीच."

मला सगळ्यांचाच राग आला होता. कॉर्बिनचा, शेरीफचा, लॉइडच्या त्या वाक्याचा, आणि असल्या प्रश्नाची उत्तरं खोक्यात घालून विकणाऱ्या माझ्या दुकानाचाही.

"शनिवारी नको जाऊस," मी म्हटलं. "ती दोघं रिकामटेकडी आहेत."

"नाही, जाते," वेस्टा म्हणाली. "बघितलं पाहिजे."

शनिवारी मी दुकान दुपारपुरतं बंद केलं आणि मीही गेले. ऊन होतं, पण नावापुरतंच. लॉइडने बांधाला लागून फळी टाकून पाण्याचे कॅन ओळीने मांडले होते, आर्विलने पुढे कोट टांगायला लाकडाची चौकट ठोकली होती. चौकट ठोकली की त्याला आपली शाळा पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं. तो तिला पॉलिश तेवढं करत नाही.

वेस्टा गाडीतून उतरली. हातात तपकिरी कॅनव्हासचा कोट होता, आत रजईसारखं जाड अस्तर. या भागात काम करणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे असला कोट असतोच.

"हा घ्या," ती म्हणाली.

"झकास!" लॉइड म्हणाला. "नेमका असला पाहिजे होता."

आर्विल तो चौकटीवर अडकवायला लागला. डावी बाही सारखी करताना त्याचा हात थांबला. बाहीच्या टोकाला जळाल्याचा काळा डाग होता. त्याने तो अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे माझ्या फाटकाच्या वेळचं," तो हळूच म्हणाला. "माझं फाटक जोडत होता तेव्हा ठिणगी पडली होती. मीच पाणी ओतलं होतं त्याच्या हातावर."

तो कुणाचा कोट आहे आणि आपण काय सांगितलं होतं, हे लॉइडच्या ध्यानात येताना मी बघितलं. असा उतरलेला चेहरा मी त्याच्या आईच्या दफनाच्या वेळीही पाहिला नव्हता.

"वेस्टा," तो म्हणाला, "अगं कुठलाही चालला असता. चर्चमधला एखादा..."

"तू म्हणालास, जो येईल त्याच्या अंगावर असेल तसला," वेस्टा म्हणाली. "हाच असतो त्याच्या अंगावर. त्याला पकडलं तेव्हा कोट पोलिसांकडे राहिला होता, नंतर मला दिला त्यांनी."

लॉइडने घाईघाईने स्वतःचा कोट काढला. "हा लाव आर्विल. तो काढ आणि हा लाव."

"घाल अंगात, न्यूमोनिया होईल," वेस्टा म्हणाली. "तुझ्या कोटावर झाडून मला काय कळणार? तू येणार आहेस का माझं दार फोडायला?"

आर्विलने कोट टांगला, बटणं लावली. लावायची गरज नव्हती, पण त्याने ती सगळी लावली, आणि वर कॉलरही नीट केली.

वेस्टाचे हात कापतील म्हणून लॉइडने गाडीच्या बॉनेटवर कोंबडीखाद्याचं पोतं ठेवलं आणि त्यावर तिचे हात टेकवून दिले. एरवी या कामात त्याची टकळी चालू असते. त्या दिवशी फक्त "पहिली जड आहे" एवढंच म्हणाला. वेस्टाने नेम धरला. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ती ओठ आत घेते, तसे घेतले होते. पहिला आवाज झाला आणि बांधावरून धूळ उडाली. गोळी कोटातून, सगळ्या कॅनमधून पार होऊन मातीत घुसली होती. कॅन एकामागून एक गळत राहिले.

एरवी लॉइड इथे नाचला असता. आता त्याने खाली मान घालून कॅन बदलले.

दुसरी हलकी. तिचा आवाज जास्त टोकदार होता. पुढचा कॅन फाटून उलटा पडला, त्याच्यामागचा नुसता फुगला, आणि गोळी तिथेच तळाशी पडलेली सापडली, पाकळ्या उघडलेली. आर्विलने ती काढून तळहातावर ठेवली आणि कुणाला दाखवलीच नाही. खिशात टाकली.

"आणखी एकेक?" लॉइडने विचारलं.

"पुरे," वेस्टा म्हणाली. ती चालत कोटापाशी गेली. आम्हीही मागे गेलो.

छातीवर, डाव्या बाजूला, एक भोक होतं. त्याच्या सरळ खाली दुसरं.

"नेम एकाच जागी धरला होता मी," वेस्टा म्हणाली. "दोन्ही वेळा, खिशाच्या शिवणीवर."

"ही जुनी रिव्हॉल्व्हरं जड गोळीच्या मापाने बनवलेली," लॉइडने सांगितलं. "नेम धरायची खूण कारखान्यातच पक्की बसवलेली, हलत नाही. हलकी गोळी नळी वर उचलायच्या आत निसटून जाते, म्हणून ती खाली लागते."

वेस्टाने दोन भोकांच्या मध्ये आपली वाकडी बोटं ठेवून पाहिली. दोन बोटं बसली.

"त्याला उपाय आहे," आर्विल म्हणाला. त्याला काहीतरी उपयोगी बोलायचं होतं बिचाऱ्याला. "हलकी वापरलीस तर नेम थोडा वर धरायचा, म्हणजे झालं."

"का धरायचा?" वेस्टा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेतला मास्तर काही चुकीचं बोलला की ती असंच विचारायची. आर्विल चौकटीचे खिळे काढायला लागला.

आम्ही परत दुकानात आलो. दोन म्हातारे बाहेर गाडीतच बसून राहिले, आत यायची त्यांची हिंमत झाली नाही. वेस्टा काउंटरपाशी उभी राहिली, कोट हातावर घेऊन.

"हलकी दे," ती म्हणाली.

मी खोकं काढलं, पण मला राहवेना. "वेस्टा, लेनी भिंतीपलीकडे झोपते म्हणून घेत असशील तर बरोबर आहे. पण ते दोन बोटांचं मनात धरून घेत असशील तर ऐक. खाणीत आपण लांब उभे होतो. तुझ्या स्वयंपाकघरात, टेबलापासून दारापर्यंत, तेवढा फरक पडणारच नाही. आणि पडला तरी दोन बोटं खाली म्हणजे काही पाय नव्हे गं."

"मला कळतं ते," वेस्टा म्हणाली. "शाळेत मी पोरांना वाढत होते, पण मी आयुष्यभर कोंबड्या आणि डुकरंही कापलीयत. कुठे काय असतं ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? दोन बोटं तर दोन बोटं." तिने खोकं पावाच्या पिशवीत टाकलं. "दार फोडून आत आला तर मी झाडणार, नेडीन. लेनीसाठी झाडणारच. त्यात मागेपुढे बघणार नाही. पण देवाने नंतर विचारलं, तू त्याच्यासाठी काय केलंस, तर मला सांगायला तेवढं तरी हवं."

मला रडू आलं आणि ते मी तिच्यासमोर लपवलं नाही. तिला माझ्या रडण्याचं काही करायचं नव्हतं. ती पैसे मोजून निघाली. दाराशी मी तिला हाक मारली.

"आणि तो कोट कशाला नेतेस? टाक इथेच."

"भोकं शिवते," ती म्हणाली. "ऐन थंडीत सुटतोय. अंगावर काय घालेल?"

त्यानंतर टेबलावर बंदुकीच्या गोळीचा विषय निघाला नाही. लॉइड आणि आर्विल हवामानावर भांडायला लागले. त्यात दोघांनाही गती नव्हती. एक बाई आली, नवऱ्याला भेट म्हणून पिस्तूल घेतलंय, गोळ्या कोणत्या घेऊ म्हणाली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच सगळं जाणते. दिवस जात होते आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो. फोन वाजला की मी तो एकदम उचलायची नाही.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी दार उघडलं आणि कॉर्बिन आत आला.

टल्साला जाणारी बस आमच्या दुकानासमोरच थांबते, तिकीटही माझ्याकडेच मिळतं. तो वाळला होता, दाढी वाढलेली, डोळे मात्र स्वच्छ होते. कितीतरी वर्षांनी मी त्याचे डोळे पाहत होते. अंगावर तो कोट होता.

"मिस नेडीन," तो म्हणाला, "टल्साचं एक तिकीट द्या. मामाच्या वेल्डिंगच्या कारखान्यात बघतो म्हणतोय काही जमतं का."

"घरी जाऊन आलास?" मी विचारलं.

"गेलो होतो सकाळी." तो काउंटरला टेकला. "खरं सांगू का मिस नेडीन, रागातच गेलो होतो. रस्ताभर डोक्यात एकच होतं. पोहोचलो तर आईने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, 'कॉर्बिन, कोट खुंटीवर आहे, घाल, थंडी आहे.' तर बाहेर खुंटीवर खरंच कोट. घातला तर खिशात तिच्या हातची जाड, मऊ बिस्किटं, फडक्यात बांधलेली, गरम. माझ्यासाठीच भाजलेली. कधी येणार ते तिला माहीत नव्हतं, म्हणजे रोज भाजत असणार." त्याने कोटाचा खिसा चाचपला. "हातात गरम बिस्किट असलं की माणसाला दार लाथाडता येत नाही हो. मी पायरीवर बसून सगळी खाल्ली. ती आत दाराला टेकून उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, लेनी बरी आहे, शाळेत जाते. नीट होऊन ये, मग दार उघडीन. एवढंच."

लॉइड आणि आर्विल खुर्च्यांवर पुतळ्यासारखे बसले होते. दोघांची नजर कोटावर होती. डाव्या बाजूला, छातीवर, निळ्या चौकटीच्या कापडाची दोन ठिगळं होती. वेस्टाच्या शाळेतल्या एप्रनचं कापड. वाकड्या बोटांनी घातलेले टाके मोठे मोठे होते, पण घट्ट होते.

कॉर्बिनने त्यांची नजर पाहिली आणि खाली कोटाकडे बघितलं.

"आई म्हणते उंदरांनी खाल्ला," तो म्हणाला. "आतलं अस्तरही शिवलंय तिने, पाठीपर्यंत. असे कसले उंदीर? एकाखाली एक, सरळ ओळीत." त्याने सहज दोन ठिगळांच्या मध्ये दोन बोटं ठेवली. ती बरोबर बसली.

"यंदा उंदीर फार झालेत," आर्विल म्हणाला.

लॉइड उठला. त्याने कप धुतला, नुकतीच केलेली कॉफी त्यात ओतली, साखर घातली आणि कॉर्बिनच्या हातात दिली. मग स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस यायला वेळ आहे," तो म्हणाला. "बस पोरा."